पहाटे कूच, रात्री घरी

खडकीच्या मनुष्याला पुण्यात जायचे असले म्हणजे ‘पुण्याला जाऊन येतो’ असे सांगून तो घरातून निघतो, आणि पुण्याच्या मनुष्यावर खडकीला येण्याचा प्रसंग आला म्हणजे तो पाण्याची बाटली बरोबर घेतो. वास्तविक शिवाजीनगर सोडल्यावर लोकलचे पुढले स्थानक खडकीच; परंतु कॅन्टोन्मेंट, दारूगोळ्याचे कारखाने, सॅपर्सची पलटण आणि मुळा नदी अशा चतुःसीमेत वसलेल्या या गावाला आपण नेमके कोणत्या शहराचे उपनगर आहोत याचा निकाल अद्याप मिळालेला नाही, आणि तो मिळावा म्हणून गावाने कधी अर्ज केल्याचेही ऐकिवात नाही. अशा ठिकाणच्या रहिवाशाला बाहेर पडण्याची ओढ चार लोकांहून अधिक असावी यात नवल नाही. नवल असेल तर ते एवढेच, की ही ओढ रविवारी पहाटे पाच वाजता उत्पन्न होते आणि त्याच रविवारी रात्री अकराच्या ठोक्याला पूर्णतया शांत होते. सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकावर हजेरी असते, आणि ‘काल समुद्रावर गेलो होतो’ ही सबब कोणत्याही खात्याच्या सेवानियमांत अद्याप ग्राह्य धरलेली नाही.

‘एका दिवसात काय कपाळ पाहणार?’ असे विचारणारे गृहस्थ प्रत्येक आळीत असतात. ते स्वतः यात्रा कंपनीबरोबर पंधरा-पंधरा दिवस उत्तर हिंदुस्थान पालथा घालून येतात, आणि परतल्यावर त्यांच्या वर्णनात काशी, प्रयाग, मथुरा या तीर्थक्षेत्रांपेक्षा तिथल्या न्हाणीघरांतील गरम पाण्याचाच महिमा अधिक असतो. अशा गृहस्थांना माझे नम्र उत्तर असे, की इतिहासाने आपली मोठमोठी कामे पुष्कळदा एका दिवसात, नव्हे एका तिसऱ्या प्रहरात उरकली आहेत, आणि त्यांपैकी एक तर आमच्या उंबऱ्याशी उरकले आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपार कलल्यावर बापू गोखल्यांच्या आधिपत्याखाली पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने खडकीच्या मैदानावर चालून आली. समोर कर्नल बर याच्या हाताखाली इंग्रजांची तुलनेने फारच थोडी पलटण उभी होती, तिला दापोडीहून कॅप्टन फोर्डची तुकडी येऊन मिळाली. संगमावरची रेसिडेन्सी एल्फिन्स्टनसाहेबाच्या ग्रंथांसह त्याच दिवशी भस्मसात झाली. आणि दिवेलागणीच्या सुमारास एका राज्याच्या भवितव्याचा फडशा पाडून दोन्ही पक्ष आपापल्या मुक्कामी परतलेसुद्धा. सकाळी निघून रात्री घरी येण्याचा आमचा शिरस्ता इतका जुना आणि इतका प्रतिष्ठित आहे.

त्या दिवसाच्या दोन गोष्टी सहलीच्या दृष्टीने विशेष चिंतनीय आहेत. एक अशी, की खुद्द श्रीमंत दुसरे बाजीराव हा सर्व देखावा पर्वतीवरून, म्हणजे सुरक्षित अंतरावरून आणि चांगल्या उंचीवरून पाहत होते. प्रेक्षणीय स्थळ लांबूनच पाहून समाधान मानण्याची जी वृत्ती पुढे आपल्याकडे रूढ झाली, तिचे जनकत्व त्यांच्याकडे देण्यास हरकत नसावी. दुसरी गोष्ट अशी, की मराठी घोडदळाची जी चढाई इंग्रजांची फळी मोडून काढणार होती, ती फळीपुढल्या दलदलीत रुतली. घोडेस्वार शूर होते, सेनापती शूर होता, परंतु पुढे पाणी किती आणि चिखल किती याची चौकशी आगाऊ कोणी केलेली नव्हती. हा धडा खडकीच्या भूमीवर गिरवला गेला असूनही खडकीच्या सहल मंडळाने तो आत्मसात केलेला नाही, याचे प्रत्यंतर यथावकाश येईलच.

याच्या उलट दीर्घ प्रवासाचे फळ काय, तेही पाहावे. बाजीरावसाहेब पुण्यातून जे बाहेर पडले, ते माहुली, पंढरपूर, जुन्नरचा मुलूख, कोरेगाव, आष्टी अशी मजल दरमजल करीत, पाठीवर इंग्रजी फौज घेऊन सुमारे सात महिने हिंडले, आणि अखेर जून १८१८ मध्ये अशीरगडाजवळ सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. सालीना आठ लाख रुपये तनखा आणि ब्रह्मावर्तास कायमचा मुक्काम, असा त्या प्रवासाचा शेवट झाला. प्रवासाला निघालेल्या गृहस्थाने घरी परत येऊ नये म्हणून त्याला सालीना आठ लाख देण्याचे हे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच म्हटले पाहिजे. आमच्या मंडळातील काही सभासदांच्या घरून अशाच आशयाची तजवीज करण्याची तयारी असल्याचे समजते, फक्त रकमेवर एकमत होत नाही. हाच माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८३० साली त्याने बोरघाटाचा गाडीरस्ता रहदारीस खुला केला. म्हणजे ज्याने शेवटल्या पेशव्यांना कायमच्या प्रवासाला लावले, त्याच्याच रस्त्याने आम्ही रविवारी कोकणात उतरतो आणि रात्री घरी येतो. दोहोंत शहाणे कोण, याचा निर्णय वाचकांनी करावा.

मोहिमेची मसलत मार्गशीर्षातल्या एखाद्या संध्याकाळी रेंजहिल्सच्या एका क्वार्टरच्या ओट्यावर भरते. सॅपर्समधून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब वयपरत्वे आणि आवाजपरत्वे अध्यक्ष असतात. अॅम्युनिशन फॅक्टरीतले फोरमनकाका यंत्र, धातू आणि गाडीचे टायर या विषयांतले अधिकारी. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई इतिहासाच्या. आणि खजिनदार भाऊसाहेब, ज्यांच्या दप्तरात मंडळाचा पैसा एकदा रुजू झाला म्हणजे तो सहसा बाहेर पडत नाही. सभेत उघड उघड दोन तट असतात. बाईंचा इतिहासपक्ष वाई, सातारा, जुन्नर अशी नावे सुचवतो. आणि वहिनींच्या नेतृत्वाखालील समुद्रपक्ष, ज्याला तरुणांचा आणि मासे खाणाऱ्यांचा भरघोस पाठिंबा असतो, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन यांपलीकडे दुसरे काही ऐकून घेत नाही. इतिहासपक्षाजवळ युक्तिवाद असतात आणि समुद्रपक्षाजवळ बहुमत असते, त्यामुळे चर्चा उच्च पातळीवर होते आणि निकाल आधीच ठरलेला असतो.

तरीही एखाद्या वर्षी बाईंची सरशी होते आणि गाडी वाईला जाते. ढोल्या गणपतीपुढे, जो १७६२ साली रास्त्यांनी बांधला, नतमस्तक होऊन मंडळी कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा पाहायला येतात, आणि तिथल्या घाटावर जी प्रचंड घंटा टांगलेली आहे तिच्यावर बाल येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल पाहून कोड्यात पडतात. बाई सांगतात, की १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या अशा घंटा मराठी फौजेबरोबर घाटावर आल्या आणि देवळादेवळांतून रुजू झाल्या. भीमाशंकराला एक आहे, नाशकात नारोशंकराच्या देवळात एक आहे. किनाऱ्यावर गेल्यावर काहीतरी आणल्याशिवाय परतायचे नाही, ही आपली रीत एवढी पुरातन आहे हे ऐकून समुद्रपक्षाला समाधान वाटते, आणि वहिनी जाहीर करतात की पुढल्या वर्षी आपण सुके बोंबील आणू. घंटेपेक्षा हलके आणि उपयोगाला लवकर येतात.

जुन्नरच्या वर्षी नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला तो दगडी रांजण पाहून ड्रायव्हर विशेष सद्गदित झाला होता. कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे येणाऱ्या सार्थवाहांकडून जकात घेऊन ती या रांजणात टाकीत, असे सांगतात. लेण्यातला शिलालेख सातवाहनांच्या नागनिका राणीचा, म्हणजे प्रकरण दोन हजार वर्षांचे. ड्रायव्हरने रांजणाभोवती एक फेरी मारली, आत वाकून पाहिले, आणि इतकेच म्हणाला, ‘‘म्हणजे तेव्हापासून आहे का हे!’’ त्याच्या आयुष्यातला टोलनाक्यांवरचा सारा संताप त्या एका उद्गारात विरून गेला. परतीच्या वाटेवर त्याने टोल भरला तो तक्रारीवाचून, कुळाचार पाळावा इतक्या निमूटपणे.

परंतु पक्षांतली फूट मिटवणारा खरा तोडगा आमच्या पूर्वजांनीच करून ठेवला आहे, आणि तो म्हणजे जलदुर्ग. ज्यांनी भर समुद्रात किल्ले बांधले त्यांचा हेतू आरमारी असेल, व्यापारी असेल, परचक्रनिवारणाचा असेल. परंतु इतिहासपक्ष आणि समुद्रपक्ष यांना एकाच गाडीत बसवण्याचे जे कार्य त्यांच्या हातून घडले, त्याची नोंद कोणत्याही बखरकाराने घेतलेली नाही. जंजिरा म्हटले की बाई गप्प, कुलाबा म्हटले की वहिनी गप्प, आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर.

कूच पहाटे पाचला, अशी ताकीद सुभेदारसाहेब देतात. ते स्वतः साडेचारला खडकी बाजाराच्या तोंडाशी मफलर बांधून उभे असतात. गाडी पाच वीसला येते. मंडळी साडेपाचपासून येऊ लागतात, आणि पावणेसहाला सर्व जमली असे वाटते तोच कोणाला तरी गॅसचे बटण बंद केल्याचे आठवत नाही. जागावाटप हा तर स्वतंत्र महजराचा विषय आहे. खिडकी कोणाला, हा प्रश्न वयावर, मानावर किंवा वर्गणीवर सुटत नाही. तो सुटतो ‘मला गाडी लागते’ या एका वाक्यावर, ज्याच्या सत्यतेची शहानिशा करण्याची जोखीम कोणीही पत्करीत नाही. दापोडीचा पूल ओलांडण्यापूर्वीच पहिला डबा उघडतो. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे यांचा सुवास दरवळू लागला म्हणजे मोहीम खऱ्या अर्थाने सुरू झाली असे समजावे. पिंपरी-चिंचवड मागे पडेपर्यंत दुपारच्या जेवणापैकी निम्मे संपलेले असते, आणि ‘तिकडे काही मिळेल ना?’ अशी चिंता भरल्या तोंडाने व्यक्त होऊ लागते.

बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाशी गाडीचा वेग मंदावतो आणि ड्रायव्हर एक नाणे टाकतो. दंतकथा अशी, की घाटाची वाट साहेबाला सापडेना, ती शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बक्षिसादाखल त्याला बंदुकीची गोळी मिळाली. सरकारी कामात फुकट सल्ला देणाराचे काय होते, हे फोरमनकाकांना त्रेचाळीस वर्षांच्या नोकरीत पुरते समजले असल्यामुळे ते या ठिकाणी अगदी मनापासून हात जोडतात. भाऊसाहेब ते नाणे ‘देवस्थान खर्च’ या सदराखाली लिहून घेतात. घाट उतरून खोपोली, पेण, वडखळ असे करीत अलिबागपर्यंतचे सुमारे १४० किलोमीटर कापताना वडखळच्या नाक्यावर वाहनांची जी दाटी होते, तीत सकाळचा तास-दीड तास अलगद निघून जातो. कार्लेखिंडीपाशी रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसल्या की स्त्रीवर्ग एकमुखाने ‘येताना घेऊ’ म्हणतो, आणि येताना अंधार असतो.

जंजिऱ्याच्या वर्षी फोरमनकाकांनी गाजवलेला पराक्रम आजही सांगितला जातो. राजपुरीहून शिडाच्या होडीने तटापर्यंत जावे, दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही म्हणून सर्वांनी एकदम ‘अरेच्चा’ म्हणावे, आणि होडीवाल्याने दिलेल्या पाऊण तासाच्या मुदतीत तीनशे-साडेतीनशे वर्षांचा इतिहास आटोपावा, असा तिथला शिरस्ता. वाटाड्याचा बावीस या आकड्यावर अपार लोभ होता: किल्ला बावीस एकरांचा, बांधायला बावीस वर्षे लागली, बुरूजही बावीस. बाई बुरूज मोजायला निघाल्या. अर्ध्या वाटेवर होडीवाल्याची हाक आली, आणि बावीस हा आकडा अबाधित राहिला. संभाजी महाराजांनी १६८२ साली खाडीत भर घालून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती, परंतु किल्ला हाती आला नाही. सिद्दीचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत तो कोणी लढून घेतला नाही, हे ऐकत मंडळी कलालबांगडी तोफेपाशी आली. आता ज्याने उभा जन्म खडकीच्या कारखान्यात काडतुसे तपासण्यात घालवला, त्याने सुट्टीच्या दिवशी दीडशे किलोमीटरवर जाऊन तोफ पाहण्यात आनंद मानावा, हे मानवी मनाच्या गूढांपैकी एक आहे. काकांनी तोफेवर बोटाच्या पेराने टकटक केले, कान लावला, चष्मा पुसून तोंडातून आत पाहिले, सावकाश एक प्रदक्षिणा केली, आणि वाटाड्याला विचारले, ‘‘ओतकाम झकास आहे. पास कोणी केली ही?’’

‘‘सिद्दीनं,’’ वाटाड्या म्हणाला.

‘‘मग शिक्का कुठाय?’’

यावर वाटाड्याजवळ उत्तर नव्हते. शिक्क्यावाचून माल बाहेर पडलाच कसा, या एका शंकेने काकांना परतीच्या होडीत समुद्र दिसला नाही.

याच सिद्दीच्या जाचामुळे श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून देशावर आले, १७१३ साली पेशवे झाले, आणि त्यांच्या वंशजांनी पुण्याला पुणेपण आणले. किनारा सोडून पुण्यात स्थिरावायला त्या घराण्याला एक पिढी लागली. आम्ही मात्र तेवढेच अंतर उलट दिशेने न्याहारीपर्यंत कापतो, हरिहरेश्वराला, जे पेशव्यांचे कुलदैवत, अभिषेक सांगतो, आणि तिसऱ्या प्रहरी सोलकढी पिऊन निघतो. इतिहासाच्या गतीला वेग आला आहे असे जे विद्वान म्हणतात ते याच अर्थाने असावे.

परंतु मंडळाच्या कीर्तीवर कळस चढला तो कुलाब्याच्या मोहिमेत. दिवस थंडीतल्या एका रविवारचा. प्रत्येक घरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते, तारखेच्या चौकोनात तिथीही छापलेली असते. परंतु नोकरदार मनुष्याला त्या पानावरचा लाल रंग तेवढा दिसतो. तो रविवार पौर्णिमेचा आहे हे बाईंच्या ध्यानात आले होते, आणि त्यांनी ‘दिवस चांगला आहे’ असा निर्वाळाही दिला होता. सुभेदारसाहेबांनी आखलेल्या तक्त्याप्रमाणे साडेअकराला ओहोटीत पायी किल्ल्यात प्रवेश, दीडला भोजन. साडेअकराला मंडळी अलिबागच्या वाळूत उभी राहिली तेव्हा किल्ला जागच्या जागी होता, परंतु त्याच्याकडे जाणारी वाट समुद्राने संपूर्णपणे ताब्यात घेतली होती. कंबरेइतक्या पाण्याची खात्री करून घेण्यासाठी दोन तरुण पुढे झाले आणि छातीइतक्या पाण्याची खात्री करून परत आले.

जवळच एक वृद्ध कोळी जाळे सांधीत बसला होता. सुभेदारसाहेबांनी त्याला पलटणी स्वरात विचारले, ‘‘काय हो, ओहोटी किती वाजता लागते इथं?’’

त्याने मान वर केली नाही. ‘‘आज तिथ कंची?’’

‘‘पौर्णिमा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मंग पंधराची पाऊणपट करा. सव्वाअकरा. तवा भरती. तितनं सा तास मोजा.’’

भाऊसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ सुमाराने निघते, आणि तीत सहा तास मिळवले की ओहोटीची. म्हणजे किल्ल्याची वाट संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास पुरती मोकळी होणार, आणि गाडी तर पाचला सुटणार. ज्या त्रैराशिकाला पाटी-पेन्सिलही लागत नाही ते पंचांगापासून एका हाताच्या अंतरावर राहणाऱ्या, इयत्ता सातवीपासून अभियांत्रिकी पदविकेपर्यंत शिकलेल्या मंडळींपैकी एकालाही ठाऊक नव्हते, आणि ज्याला ठाऊक होते त्याला कोणी विचारले नव्हते. खडकीच्या मैदानावरची दलदल दोनशे वर्षांनी अलिबागच्या वाळूत अशी भेटली.

‘‘या समुद्राला टायमिंगची काही शिस्त नाही!’’ सुभेदारसाहेब गरजले.

‘‘शिस्त त्यालाच हाय, साहेब,’’ कोळी म्हणाला, आणि त्याने पुढला फास ओढला.

भरतीच्या वेळी किल्ल्यापर्यंत होडी जाते, असे कोणीतरी सुचवले. भाऊसाहेबांनी होडीवाल्याजवळ जाऊन माणशी भाड्याची चौकशी केली, पोटास चिमटा बसल्याप्रमाणे परत आले, आणि किल्ला किनाऱ्यावरूनच अधिक भव्य दिसतो असा अभिप्राय त्यांनी दिला. मग सर्व मंडळी वाळूत सतरंज्या पसरून किल्ल्याकडे तोंड करून बसली आणि बाईंनी तिथूनच किल्ला दाखवला: शिवाजी महाराजांनी हा बांधायला घेतला; पुढे आंग्र्यांचे मुख्य ठाणे हेच; आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले गणेशपंचायतन आहे; गोड्या पाण्याचा तलाव आहे; तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत, ज्यांवर विलायतेतल्या कारखान्याचे नाव आणि १८४९ साल कोरलेले आहे. ‘‘म्हणजे शिक्का आहे!’’ असा उद्गार काढून फोरमनकाका उठून उभे राहिले. आयुष्यात प्रथमच एक शिक्का असलेली तोफ त्यांच्यापासून जेमतेम एका भरतीच्या अंतरावर होती. त्या क्षणी त्यांना पोहता येत असते तर मंडळाला एक सभासद गमवावा लागला असता.

हाती आलेला मोकळा वेळ सत्कारणी लावण्याचे ठरले. शहरात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. १७२९ साली निवर्तलेल्या ज्या पुरुषाचे नाव काढताच इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिन्ही टोपीवाल्यांची गलबते दचकत, त्याच्यापुढे मंडळींनी मनोभावे हात जोडले, आणि भरती-ओहोटीचा हिशेब न चुकवणारा हा गृहस्थ आपल्या सभेचा अध्यक्ष असता तर किती बरे झाले असते, असे कोणीतरी पुटपुटले. सुभेदारसाहेबांनी ते ऐकू न आल्याचे दाखवले. पुढे चुंबकीय वेधशाळेच्या फाटकापर्यंत फेरी झाली. ही वेधशाळा मूळची मुंबईच्या कुलाब्याची; मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच त्यांच्या प्रवाहाने होकायंत्रांची मती फिरेल म्हणून १९०४ साली ती अलिबागेस हलवण्यात आली, आणि तिच्या खास इमारती लोखंडाचा स्पर्श होऊ न देता उभारल्या गेल्या. ट्राममुळे मुंबई सोडणारी ही बहुधा एकच संस्था असावी. ट्रामच मुंबई सोडून गेली त्यालाही आता साठांवर वर्षे झाली, परंतु परत येण्याबद्दल वेधशाळेकडे कोणी तगादा लावलेला नाही. काकांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा, अडकित्ता आणि कमरेचा पट्टा यांचा मनाशी आढावा घेतला आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाला आपल्यामुळे बाधा नको म्हणून ते आपण होऊन चार पावले मागे सरले.

परतीच्या प्रवासाचे वर्णन करण्यासारखे काही नसते, कारण तो कोणी पाहिलेला नसतो. घाट चढताना सारी गाडी निद्राधीन. वाळू बुटांत, चपलांत, डब्यांत आणि क्वचित तोंडात. जागे असतात ते ड्रायव्हर आणि भाऊसाहेब, एक रस्त्यावर नजर ठेवून आणि दुसरा जमाखर्चावर. गंमत अशी, की आम्ही घाट उतरतो त्याच दिवसांत साता समुद्रांपलीकडून काही वृद्ध जोडपी खडकीला येत असतात. इथल्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुलाच्या सैनिकांच्या १,६६८ कबरी आहेत; हिरवळ कातरलेली, फुलझाडे ओळीने, प्रत्येक दगडावर नाव, पलटण आणि वय. आजोबांचे नाव शोधत कोणी स्कॉटलंडहून निघालेला असतो, आणि त्याला ‘समोरून डावीकडे’ अशी वाट दाखवणाऱ्या आमच्या मनुष्याने स्वतः त्या फाटकातून आत पाऊल टाकलेले नसते. खडकीच्या लढाईचे मैदान आणि ही स्मशानभूमी यांची एक सहल काढावी असा ठराव बाईंनी एकदा मांडला होता. त्यावर ‘जेवायला घरीच यायचे असेल तर सहल कशाला?’ अशी हरकत वहिनींनी घेतली, आणि ती बिनतोड असल्यामुळे ठराव तहकूब झाला.

होळीनंतर मंडळाची हिशेबाची सभा भरली. शिल्लक आहे असे भाऊसाहेबांनी कबूल केले, परंतु किती हे सांगण्यास मुदत मागितली. कुलाबा किल्ला राहिला तो राहिलाच, तेव्हा पुन्हा एकदा तीच मोहीम काढावी, मात्र या खेपेस तिथी पाहून, असे सर्वानुमते ठरले. कालनिर्णय खाली काढण्यात आले. सर्वांना सोयीचा असा एकच रविवार निघाला आणि त्या दिवसाची तिथी होती एकादशी. भाऊसाहेबांनी पाऊणपट केली: अकराचे सव्वाआठ, सव्वाआठला भरती, सव्वादोनला पुरती ओहोटी, म्हणजे एकच्या सुमारास कोरड्या पायांनी किल्ल्यात जावे, तोफा पाहाव्यात, तीन वाजता परत यावे आणि पाचला गाडीत बसावे. समुद्र आणि सुभेदारसाहेब यांचे वेळापत्रक इतके तंतोतंत जुळलेले पाहून फोरमनकाकांच्या डोळ्यांत पाणी तरळले.

इतक्यात वहिनींनी शांतपणे विचारले, ‘‘एकादशीला अलिबागला जाऊन साबुदाण्याची खिचडी खायची का?’’

ओट्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. ओहोटी सोयीची तर मासे वर्ज्य, मासे चालतात तर भरती आड, असा हा पेच पंचांगकर्त्यांनाही सुटण्यासारखा नव्हता. मतदान झाले. किल्ल्याच्या बाजूने बाई आणि फोरमनकाका असे दोन हात वर झाले; सुभेदारसाहेबांनी अध्यक्ष या नात्याने तटस्थता पाळली. पुढे कधीतरी सोयीचा रविवार पाहून, भरती असली तरी हरकत नाही, अलिबागेस जावे, आणि किल्ला किनाऱ्यावरून उत्तम दिसतो हे मंडळाने पूर्वीच पाहिले असल्याने होडीचा खर्च धरू नये, असा शेरा दप्तरी नोंदवून सभा बरखास्त करण्यात आली.